आमदारांच्या उजवीकडे

दुभाषी बाई सभागृहात येऊन पुरती टेकलीही नव्हती, तोच आमदारांच्या पीएने तिला चिडायचं पहिलं कारण दिलं.

"ताई, तुम्ही साहेबांच्या उजवीकडे उभ्या राहा," तो म्हणाला. "डावीकडे फुलदाणी ठेवलीय."

म्हणजे दोन्ही बाजूंना शोभा. तिने पर्स खुर्चीवर ठेवली. अंगात काळा सदरा होता. हात उठून दिसावेत म्हणून या कामात गडद, बिननक्षीचे कपडे घालतात. पीएने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "जरा रंगीत घातलं असतंत तर फोटो खुलला असता." हे दुसरं कारण. अजून माइकसुद्धा लागले नव्हते.

ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. कोणी बोललं की ते हातांनी बहिऱ्या लोकांना सांगायचं, आणि ते हातांनी काही म्हणाले की ते तोंडाने बाकीच्यांना सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण या कामाचे दोन दंडक असतात आणि ते पाळताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. पहिला असा, की बोलणारा 'मी' म्हणाला तर दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणतायत', 'यांचं असं मत आहे', ही भानगड नाही. कोर्टात ती 'मी चोरी केली' असं म्हणाली होती आणि दवाखान्यात 'मला दिवस गेलेत' असंही, एकाच दिवशी. दुसरा दंडक असा, की खोलीत जे जे ऐकू येतं ते ते सांगायचं. फोन वाजला, दार आपटलं, मागे कोणी कुजबुजलं, सगळं. कानवाल्यांना ते फुकट मिळतं, मग बिनकानवाल्यांनी का सोडायचं? काय सांगावं आणि काय गाळावं हे ठरवण्याचा हक्क दुभाष्याला नाही.

पीए मोठा लगबगीचा माणूस होता. त्याच्या दोन्ही हातांत दोन फोन असत. बहिरे लोक सगळ्यांना हातांनी नाव ठेवतात, जे डोळ्यांत भरेल त्यावरून, आणि एकदा चिकटलेलं नाव मग सुटत नाही. पीएचं नाव होतं दोन्ही मुठी दोन्ही कानांना. आमदारसाहेबांचं नाव होतं कपाळापासून मागे फिरवलेला तळवा. साहेबांनी पाच वर्षांत काय केलं यावर वाद होऊ शकेल, पण दर दोन वाक्यांना ते केस मागे सारतात याबद्दल दुमत नव्हतं.

प्रत्येक अधिवेशनात साहेब एकदा मतदारांपुढे येऊन कामांची माहिती देत. या वेळचे विषय होते कर आणि शिक्षण. सोमवारी विधानसभेत एक विधेयक यायचं होतं. घरपट्टी कमी करायची, आणि त्यातून जो खड्डा पडेल तो छोट्या शाळा मोठ्या शाळांत मिसळून बुजवायचा, असं ते विधेयक. सरकारचं बहुमत इतकं काठावरचं होतं, की एकट्या साहेबांनी नाही म्हटलं तरी ते पडलं असतं.

मिसळायच्या शाळांत एक बहिऱ्या मुलांची शाळा होती. तीन वर्ग, अर्धगोलात मांडलेली बाकं, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत, आणि घंटेच्या जागी लाल दिवा. फाटकावर 'मूकबधिर' असं लिहिलंय. मूक म्हणे! मधल्या सुट्टीत एकदा तिथे जाऊन उभं राहावं आणि मग तो शब्द उच्चारावा. त्या कलकलाटात दुभाषी बाईची आठ वर्षांची भाची असे. गालाला बोट लावलं की तिचं नाव झालं: खळी.

खळीचा बाप म्हणजे दुभाषी बाईचा थोरला भाऊ. तोही जन्माचा बहिरा. गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचं काम करायचा. दादाचा स्वभावही त्याच्या कामासारखाच, ठोकून सरळ करणारा. काल संध्याकाळी त्याने तिला बजावलं होतं: "उद्या मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार. सोमवारी काय करणार ते त्याने तोंडाने सांगायचं. तू मध्ये पडू नकोस. तू फक्त माझा आवाज हो."

नात्यातल्या माणसासाठी हे काम करू नये असाही एक संकेत आहे. पण जिल्ह्यात दुभाषी तीन. एक बाळंतपणाच्या रजेवर, एक कोर्टात अडकलेला. उरली ही.

"भाषण द्या मला," ती पीएला म्हणाली. "आधी वाचावं लागतं."

त्याने दोन पानं दिली. तिने उभ्या उभ्या वाचली आणि दुसऱ्या पानावर अडकली. "हे 'सुसूत्रीकरण' म्हणजे नक्की काय?"

"सुसूत्रीकरण म्हणजे... सुसूत्रीकरण. तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत असून भागत नाही, हाताने दाखवावं लागतं. शाळा राहते की जाते?"

"जात नाही हो. एकत्र होते."

"इमारत?"

"इमारतीचं मग बघतील. विक्री वगैरे."

"आणि तिथले शिक्षक?"

"समायोजन."

"ते कसं दाखवू? कामावर राहतात की घरी जातात?"

पीएने एक फोन खिशात टाकला, म्हणजे प्रकरण गंभीर झालं होतं. "ताई, तुम्ही फार खोलात शिरता. अक्षरं असतात ना तुमच्यात बोटांची? सु, सू, त्री, असं लिहून टाका हवेत आणि पुढे चला."

यालाच म्हणतात ताकाला तूर लागू न देणं. खुणांच्या भाषेत हीच मोठी पंचाईत आहे. तिच्यात लपायला जागा नाही. शाळा इथे, मुलं इथे, मुलं उचलली, तिकडे ठेवली, इथे काय उरलं? रिकामी जागा. हात ते दाखवूनच थांबतात. तोंडाची भाषा बरी, तिच्यात 'समायोजन' म्हणून माणूस घरी पाठवता येतो आणि वर पाणी पिता येतं.

"आणि हे बघा," पीएने आवाज खाली आणला, "प्रश्नोत्तरांत तुमच्या लोकांचा एखादा प्रश्न येईल. जरा गोड करून सांगा. तुम्ही समजदार आहात. पुढच्या अधिवेशनापासून साहेबांच्या प्रत्येक कार्यक्रमाला तुम्हालाच घ्यायचं म्हणतोय मी."

तिला त्या कामाची गरज होती. म्हणून तर जास्त संताप आला. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच थांबली, कारण तेवढ्यात साहेब आले.

सभागृह भरलं. बहिरी मंडळी पुढे, तिच्या बाजूला बसली, तिचे हात दिसतील अशी. दादा दुसऱ्या रांगेत, गॅरेजचा निळा शर्ट तसाच. बाकी सगळी घरमालक मंडळी: दुकानदार, पेन्शनर, नवीन फ्लॅट घेतलेली जोडपी. पहिल्या रांगेत एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या, चाळीस वर्षं वॉर्डात ओरडून आवाज तयार झालेल्या.

साहेबांनी केस मागे सारले आणि सुरुवात केली. घरपट्टीवर ते भरभरून बोलले. "मी शब्द दिला होता, मी शब्द पाळला!" दुभाषी बाईने हातांनी सांगितलं: मी शब्द दिला होता, मी शब्द पाळला. टाळ्या पडल्या. बहिऱ्यांच्या रांगेतूनही काही हात वर होऊन हलले, ती त्यांची टाळी. घरं त्यांनाही होतीच की. साहेबांना वाटलं, आपल्याला हात करतायत. त्यांनीही हात केला.

मग शिक्षण. पानावरचं सुसूत्रीकरण आलं. तिने ते जसं होतं तसं दाखवलं: छोटी शाळा, दार बंद, मुलं उचलून मोठ्या शाळेत, मास्तरांचं नक्की नाही. बहिऱ्यांच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. साहेबांनी ती पाहिली. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, पानावर नसलेलंच बोलायला लागले.

"आमच्या बहिऱ्या बालकांची कोणी काळजी करू नये! ती आता वेगळी बसणार नाहीत, सगळ्यांच्यात बसणार! आणि ही आपली भगिनी बघा," त्यांचा हात तिच्या खांद्यापर्यंत आला, "अशी एकेक भगिनी मी प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात उभी करणार!"

तीन माणसं आहेत, तिच्या मनात आलं. अख्ख्या जिल्ह्यात तीन. आणि तिचे हात म्हणत होते: मी प्रत्येक वर्गात अशी एकेक भगिनी उभी करणार.

हात तरी परके मानता येतात. पण या भाषेत चेहराही बोलतो. बोलणारा हसला तर दुभाष्यानेही हसायचं, नाहीतर अर्थ बदलतो. साहेब दात दाखवून हसत होते. म्हणून ती हसली. दादाकडे बघून, स्वतःच्या चेहऱ्याने, ती ती थाप हसत हसत बोलली. तिला लाजही वाटली आणि रागही आला. दादा तिच्याकडे एकटक बघत होता. त्याला माहीत होतं हे हसू कोणाचं आहे. तरी तिला वाटलं, ही भाषा मी याच्याकडूनच शिकले, आणि आज त्यालाच तिच्यातून फसवतेय.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. दुकानदाराने विचारलं की सवलत दुकानाला लागू आहे का. नर्सबाईंनी विचारलं की बिल कधीपासून कमी येणार, आणि मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात त्याचं काय झालं. साहेबांनी दोघांनाही हसून 'लवकरच' दिलं. मग दादा उठला आणि माइकपुढे जाऊन उभा राहिला. बहिऱ्या माणसाने माइकपुढे उभं राहायचं, पण रांग तिथेच होती, काय करणार. दुभाषी बाईने दुसरा माइक हातात घेतला.

दादाचे हात चालू झाले आणि तिचा आवाज. "मी गॅरेजात काम करतो. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ती त्या शाळेत शिकते."

बाईच्या आवाजात 'करतो' ऐकून मागे दोघंतिघं खुसुखुसु हसले. तिने तेही दादाला सांगितलं. त्याने मागे वळून पाहिलं आणि ते थांबले.

"शाळा बंद करायची की नाही, यावर तुम्ही सोमवारी काय करणार?" ती म्हणाली.

साहेबांनी चेहरा मऊ केला आणि तो तिच्याकडे वळवला. "ताई, मी तुमच्या भावना समजू शकतो. तुमच्या मुलीची..."

तिने दादाला सांगितलं: ताई, मी तुमच्या भावना समजू शकतो.

दादाने कपाळाला आठ्या घातल्या. "ताई कोण?" तिने माइकमध्ये विचारलं.

साहेब गोंधळले. "तुम्हीच की."

"मी ताई नाही. मी हा. निळा शर्ट. माझ्याकडे बघून बोला."

"हो हो, बरोबर," साहेब अजूनही तिच्याकडेच बघत म्हणाले, "तर यांना सांगा, की..."

"सांगायचं कोणाला? मी समोरच उभा आहे," ती म्हणाली, म्हणजे दादा म्हणाला. "तुम्ही म्हणालात, प्रत्येक वर्गात दुभाषी. जिल्ह्यात आहेत तीन. एक बाळंतपणाच्या रजेवर, एक कोर्टात, आणि एक तुमच्या शेजारी, फुलदाणीच्या पलीकडे. माझ्या मुलीच्या वर्गात कोण येणार? तुम्ही?"

या वेळी सभागृह मोकळेपणाने हसलं. नर्सबाई सगळ्यांत मोठ्याने.

"टप्प्याटप्प्याने होईल," साहेब म्हणाले. "आणि आपण एक समजून घ्या. घरपट्टीची सवलत आपल्यालाही मिळणारच आहे."

"माझी जेवढी घरपट्टी वाचेल, तेवढ्या पैशांत मुलीचे बूट येतील. ते घालून ती कुठे जाईल ते सांगा."

कोणी हसलं नाही. साहेबांनी केस मागे सारले आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं, जणू आता ही मधली बाईच आपल्याला यातून सोडवणार.

ते दादाने बघितलं. त्याने तिला खूण केली. तिने ती माइकमध्ये मोठ्याने सांगितली, कारण सांगायलाच हवी होती: "माइक खाली ठेव. आता मला एकट्याला बोलू दे."

आणि तिने माइक टेबलावर ठेवला.

सभागृहाला काही कळेना. एक निळ्या शर्टचा माणूस साहेबांकडे तोंड करून हात हलवतोय आणि आवाज नाही. बहिऱ्यांच्या रांगा मात्र पुढे झुकल्या. दुभाषी बाईला सगळं कळत होतं, आणि तिला ते कोणालाच सांगायचं नव्हतं. असं तिच्या कामात कधी झालं नव्हतं.

दादा सांगत होता: मी लहान होतो तेव्हा ही शाळा नव्हती. मला सगळ्यांच्यातच बसवलं होतं. पहिल्या बाकावर, फळ्यासमोर. मास्तर फळ्यावर काहीतरी काढायचे, मी ते वहीत काढायचो. मला वाटायचं ते चित्रच आहे. रेघा, गोल, वर आडवी काठी. कोणी मला सांगितलंच नाही, की हे शब्द आहेत, शब्दाला अर्थ असतो, माझ्या आईलाही एक शब्द आहे. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं. मास्तर पाठ थोपटायचे. मास्तर काही विचारायचे तेव्हा मी हसायचो आणि मान हलवायचो, कारण मान हलवली की ते पुढे जायचे. गुणी पोरगा, कधी त्रास नाही, असं घरी सांगायचे. आठवीपर्यंत पास झालो. गॅरेजात लागलो तेव्हा तिथे एक म्हातारा बहिरा पेंटर होता. त्याने मला पाण्याकडे बोट दाखवलं आणि हाताने पाणी म्हणाला. मी पंधरा वर्षांचा होतो. पाण्याला नाव असतं हे मला पंधराव्या वर्षी कळलं.

दुभाषी बाई त्याच शाळेत दोन इयत्ता मागे होती. त्या सुंदर वह्या तिने पाहिल्या होत्या. आईने त्या पाहुण्यांना दाखवायला ठेवल्या होत्या. तिने साहेबांकडे पाहिलं.

साहेब हसत होते. मोठ्या समजूतदारपणे, डोळे बारीक करून, मान हलवत होते. दादाचे हात जोरात चालले की साहेबांची मान जोरात. मध्येच त्यांनी केस मागे सारले. आपल्याच नावाची खूण त्यांनी आपल्याच हाताने केलेली बघून बहिऱ्या रांगेतली पोरं हसली, तेव्हा साहेबही त्यांच्याबरोबर हसले. इतकं मन लावून न ऐकणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

दादाने शेवटी एक प्रश्न विचारला. साहेबांनी मान हलवली. दादाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. साहेबांनी पुन्हा मान हलवली, आणि वर छातीवर हात ठेवला.

बहिऱ्यांच्या रांगांतून एक विचित्र आवाज आला, घशातून निघालेला, हसण्याचाही आणि ओरडण्याचाही. कोणी पायाने जमीन बडवली. साहेबांचं हसू जरासं ढळलं. त्यांनी वाकून तिला विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

तिने माइक उचलला.

"मी विचारलं, जूनपासून माझी मुलगी वर्गात अशीच बसणार का? तुम्ही आत्ता उभे आहात तशी? हसत, मान हलवत, काही एक न कळता? तुम्ही हो म्हणालात. म्हणून पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा हो म्हणालात."



"अहो, पण मला कळतच नव्हतं ना ते काय सांगतायत!" साहेबांचा आवाज चढला, माइक फुटल्यासारखा वाजला. "एवढा वेळ नुसतं तोंडाकडे बघायचं, कोणी काही सांगायचं नाही, म्हणजे माणसाने करायचं काय? मान नाही हलवायची तर काय करायचं?"

तिने ते सगळं दादाला सांगितलं. साहेबांच्याच चिडलेल्या चेहऱ्याने, शब्द न् शब्द. मला कळतच नव्हतं. मान नाही हलवायची तर काय करायचं?

 दादाचे हात अगदी थोडं बोलले आणि तिने ते सांगितलं. "सोमवारी हलवू नका. माझं तेवढंच मागणं आहे."

आणि माइक गेला. तिच्या हातातलाही गेला, साहेबांच्या समोरचाही गेला. कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाच्या पेटीपाशी पीए उभा होता, एक हात बटणावर आणि दुसऱ्यात फोन. सभागृहात कालवा झाला. साहेबांनी घाम पुसत पीएला जवळ बोलावलं आणि दात-ओठ खात त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. लोकांना फक्त ओठ हलताना दिसले. पण दुभाषी बाई हातभर अंतरावर उभी होती, जिथे तिला फोटोसाठी उभं केलं होतं. तिला सगळं ऐकू आलं.

आणि खोलीत जे ऐकू येतं ते सांगायचं असतं. तिचे हात उठले.

बहिऱ्यांच्या रांगेत एकेक माणूस उभा राहायला लागला. पीएचं लक्ष आधी त्यांच्याकडे गेलं, मग तिच्या हातांकडे. "ताई! अहो, हे नाही! हे खाजगी आहे!"

तिने तेही सांगितलं: अहो, हे नाही, हे खाजगी आहे.

"काय चाललंय तिकडं?" मागून कोणीतरी ओरडलं. "ऐकू येत नाही!" "मोठ्याने बोला!" "माइक लावा!" कर भरणारी, जागा धरून बसलेली, दोन्ही कान शाबूत असलेली ती सगळी माणसं आता माना उंच करून, कानांमागे हात धरून एकमेकांना विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. त्या अख्ख्या सभागृहात काय चाललंय हे फक्त बहिऱ्यांना कळत होतं.

नर्सबाई तरातरा मंचापाशी आल्या. "ए बाई," त्या म्हणाल्या, "तू त्यांना सगळं सांगतेयस. आम्हाला काहीच ऐकू येत नाही. आम्हाला पण सांग की."

पीए हात जोडत होता की हात उगारत होता हे त्याचं त्यालाच कळत नसावं. पुढच्या अधिवेशनाचं काम गेलं, हे तिला कळलं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला सांगायचं, एवढंच तर ती आयुष्यभर करत आली होती. ती घरमालकांकडे वळली, श्वास घेतला आणि माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात, साहेबांच्या शब्दांत म्हणाली:

"सोमवारी मी होच म्हणणार आहे. वर शब्द देऊन बसलोय मी. हे पाच-पन्नास बहिरे गेले तर गेले खड्ड्यात. बाकीच्यांची चिंता नाही, घरपट्टीचा तुकडा टाकला की ते शेपूट हलवत येतात."

साहेबांचा हात केसांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे वळून भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं. तिथे आता कोणी 'ऐकू येत नाही' म्हणत नव्हतं.

"पुन्हा एकदा सांग, बाई," त्या म्हणाल्या. "दाराबाहेर उभी आहेत त्यांना ऐकू गेलं नसेल."

तिने पुन्हा सांगितलं.